ई-माउंटन बाइकसाठी आरामदायक सीट कशी निवडावी: बेळगाव-खानापूर परिसरातील सायकलस्वारांसाठी सविस्तर मार्गदर्शन

रविवारी पहाटे राजहंसगड, राकसकोप किंवा जांबोटीच्या रस्त्याला लागले की आता ई-माउंटन बाइक हमखास दिसतात. त्या चालवणाऱ्यांमध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांची संख्या लक्षणीय आहे, कारण गुडघ्यांनी किंवा श्वासाने साथ सोडल्यामुळे ज्यांची सायकल सुटली होती, त्यांना मोटरच्या मदतीने पुन्हा चढ चढता येऊ लागला. मात्र दोन-तीन महिन्यांनी यांपैकी बऱ्याच जणांकडून एकच तक्रार ऐकू येते: पाय दुखत नाहीत, दम लागत नाही, पण तासाभरात बसवत नाही. यावर बहुतेक जण जेल भरलेले जाड कव्हर आणून सीटवर चढवतात. मीही तेच केले होते. पहिले चार दिवस बरे वाटले आणि पुढचे चार महिने वाया गेले. सीटचा प्रश्न मऊपणाने सुटत नाही. तो रुंदी, आकार आणि बसवण्याची पद्धत यांनी सुटतो, आणि ई-बाइकच्या बाबतीत तर हे तिन्ही मुद्दे साध्या सायकलीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाहावे लागतात.

ई-बाइकवर सीटचा त्रास जास्त का होतो

साध्या सायकलवर चढ चढताना आपण पेडल जोराने दाबतो. त्या प्रत्येक दाबाबरोबर शरीराचे काही वजन पायांवर जाते आणि सीटवरचा भार तेवढा हलका होतो. शिवाय चढ तीव्र झाला की आपण नकळत सीटवरून उठून उभ्याने पेडल मारतो आणि त्या काही सेकंदांत दबलेल्या भागातील रक्तप्रवाह पूर्ववत होतो. ई-बाइकवर या दोन्ही गोष्टी कमी होतात. मोटर काम करत असल्यामुळे पेडलवरचा दाब घटतो, उठण्याची गरज उरत नाही आणि जे वजन पायांनी उचलले असते ते सगळे सीटवर येऊन बसते. म्हणून साध्या सायकलवर वर्षानुवर्षे चाललेली सीट त्याच माणसाला ई-बाइकवर टोचू लागली, तर त्यात आश्चर्य नाही.

मोटरच्या प्रकारानेही फरक पडतो. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक सायकलींमध्ये मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटर असते आणि पेडल फक्त फिरते आहे की नाही एवढेच तिचा सेन्सर पाहतो. पेडल किती जोराने दाबले जाते हे तो मोजत नाही, त्यामुळे पाय नुसते फिरत राहतात आणि वजन बैठकीवर राहते. ज्या सायकलीत पेडलवरचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत मिळते, तिच्यावर पायांचा सहभाग तुलनेने जास्त राहतो. थ्रॉटल पिळून, पाय स्थिर ठेवून खड्ड्यांतून जाण्याची सवय तर कण्याला आणि बैठकीला सर्वांत महागात पडते.

तिसरे कारण चढाचे. तीव्र चढावर मोटर मागून लोटत असते, त्यामुळे बसलेला माणूस सीटवर मागे सरकतो आणि स्वतःला सावरण्यासाठी हँडल ओढून धरतो. येळ्ळूर गाव सोडून राजहंसगडाच्या शेवटच्या चढाला लागताना हा अनुभव स्पष्ट येतो. सीटची मागची बाजू सपाट आणि निसरडी असेल, तर पुन्हा पुन्हा पुढे सरकून बसावे लागते, आणि त्या घर्षणातूनच कातडी सोलवटते.

नवी सीट घेण्याआधी आहे ती नीट बसवावी

शहापुरातील एका जुन्या मेस्त्रींनी मला सांगितलेले वाक्य इथे जसेच्या तसे देतो: "काका, नवी सीट नंतर घ्या, आधी हीच सरळ करून बघू या." त्या दिवशी त्यांनी पाना लावून पाच मिनिटांत जे केले, त्याने माझा निम्मा त्रास गेला. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील तीन मापे याच क्रमाने तपासावीत.

पहिले माप उंचीचे. सायकल भिंतीला टेकवून बसावे, एक पेडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. या स्थितीत गुडघा सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो आणि तो योग्य असतो. आकड्यांनी काम करणे ज्यांना आवडते, त्यांनी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जाड पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर धरावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून त्याला ०.८८३ ने गुणावे. हे अंतर ७८ सेंटिमीटर असेल, तर उत्तर सुमारे ६९ सेंटिमीटर येते. दोन्ही पेडलांचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटखालच्या नळीच्या रेषेत, एवढे अंतर ठेवून सुरुवात करावी आणि मग अनुभवाने पाच-दहा मिलिमीटर कमी-जास्त करावे. सीट फार उंच असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि जांघेत घासते. फार खाली असेल तर गुडघे दुखतात आणि बैठकीवरचा भारही वाढतो. "पाय जमिनीला टेकले पाहिजेत" या हट्टापायी पुष्कळ जण सीट खाली ठेवतात. त्यांच्यासाठी खरा उपाय ड्रॉपर पोस्ट हा आहे: हँडलवरील कळ दाबून थांबण्यापूर्वी सीट खाली घेता येते आणि चालताना पुन्हा वर आणता येते.

दुसरे माप कलाचे, आणि ई-माउंटन बाइकवर माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. सीटवर एक सरळ फळी ठेवून तिच्यावर मोबाइलमधील पातळी दाखवणारे ॲप लावावे. सुरुवात अगदी सपाट स्थितीपासून करावी. आता हिशेब असा की, १० टक्के चढावर संपूर्ण सायकल सुमारे ६ अंशांनी मागे कलते. म्हणजे सपाट रस्त्यावर सरळ असलेल्या सीटचे टोक चढावर तेवढेच वर उचलले जाते आणि नाजूक भागावर दाब देऊ लागते. मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलीत यात भर पडते, कारण बसल्यावर मागचा शॉक आपल्या वजनाने खाली बसतो आणि चढावर आणखी दबतो. म्हणून अशा सायकलीत रिकाम्या सायकलवर नव्हे, तर आपण बसलेले असताना दुसऱ्याकडून कल मोजून घ्यावा. चोर्ल्याच्या बाजूला किंवा गडाच्या वाटांवर ज्यांचे जाणे अधिक आहे, त्यांनी टोक १ ते ३ अंश खाली ठेवून पाहावे. त्याहून जास्त खाली केले की शरीर पुढे घसरते, सगळा भार तळहातांवर येतो आणि मनगटे दुखू लागतात. हिंडलगा, सुळगा, उचगाव अशा वेंगुर्ला रस्त्यानेच जे फिरतात त्यांना एक अंशही पुरेसा होतो.

तिसरे माप पुढे-मागे सरकवण्याचे. सीटखालच्या दोन सळ्यांवर मर्यादेच्या खुणा असतात आणि या सळ्या पोस्टला (सीटखालच्या नळीला) घट्ट धरणारा क्लॅम्प त्यांच्या आतच बसला पाहिजे. पेडल आडवे ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडल्यास तो पेडलच्या आसाच्या आसपास यावा, एवढा अंदाज सुरुवातीला पुरे. चढ जास्त असतील तर सीट थोडी पुढे घेतल्याने पुढचे चाक उचलले जात नाही आणि मागे सरकणेही कमी होते. एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवू नये.

क्लॅम्पचे स्क्रू किती आवळायचे हे त्यावरच न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेले असते. हाताच्या अंदाजाने आवळलेला स्क्रू खड्ड्यात सैल होतो किंवा त्याचे आटे जातात. आपल्या गावात ही अडचण मानायचे कारण नाही. उद्यमबागेतील कोणत्याही चांगल्या कारखान्यात टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकेच आवळणारा पाना) असतो आणि ओळखीच्या माणसाला सांगितले तर दोन मिनिटांचे काम आहे.

या तिन्ही गोष्टी केल्यानंतर किमान चार फेऱ्या माराव्यात. तरीही त्रास उरला, तरच नव्या सीटकडे वळावे.

बैठकीच्या हाडांचे माप

सीटवर आपले वजन मांसावर नव्हे, तर ओटीपोटाच्या सांगाड्याच्या खालच्या दोन हाडांवर तोलले जाणे अपेक्षित असते. या दोन हाडांमधील अंतर हेच सीट निवडण्याचे मूळ माप आहे. त्याचा संबंध उंचीशी, वजनाशी किंवा कंबरेच्या घेराशी जवळजवळ नसतो. स्थूल माणसाला रुंद सीट आणि सडपातळ माणसाला अरुंद सीट, ही दुकानात सर्रास चालणारी समजूत चुकीची आहे. स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असते हे खरे, पण प्रत्येकीचे वेगळे असते, त्यामुळे सीटवर 'लेडीज' लिहिले आहे एवढ्यावर विश्वास न ठेवता मापच घ्यावे.

माप घरीच घेता येते. गणपत गल्लीतील कोणत्याही किराणा दुकानातून पन्हळी पुठ्ठ्याचे खोके आणावे आणि त्याचा न दुमडलेला तुकडा कडक स्टुलावर ठेवावा. पायांखाली पाट ठेवावा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा किंचित वर येतील. पातळ कपड्यांनिशी पुठ्ठ्यावर बसून सायकल चालवताना जेवढे वाकतो तेवढे पुढे वाकावे, दोन्ही हातांनी स्टूल धरून स्वतःला खाली ओढावे आणि अर्धा मिनिट तसेच राहावे. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. ते स्पष्ट नसतील तर खडू आडवा धरून हलकेच फिरवावा. खळग्यांची जागा कोरी राहते. दोन्ही खळग्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे आणि ही कृती तीन वेळा करून सरासरी घ्यावी. साधारणपणे हे अंतर १०० ते १४० मिलिमीटरच्या दरम्यान येते.

माउंटन बाइकवर शरीर मध्यम वाकलेले असते, म्हणून या अंतरात सुमारे २० मिलिमीटर मिळवावेत. हँडल उंच असेल आणि बसणे जवळजवळ ताठ असेल तर ३० मिळवावेत, कारण ताठ बसल्यावर हाडांचा मागचा, अधिक रुंद भाग सीटवर टेकतो. समजा माप १२२ आले, तर १४२ मिलिमीटरच्या जवळची सीट हवी. नामांकित कंपन्या एकच सीट १४३, १५५ अशा दोन-तीन रुंदींत बनवतात, त्यांतील जवळची निवडावी. दोन मापांच्या मध्ये अडकल्यास ई-बाइकसाठी रुंद बाजूकडे झुकणे मला योग्य वाटते, कारण भार जास्त आहे. मात्र मांड्या घासत नाहीत ना, हे पाहावे. हाडे सीटच्या कडेच्या उतारावर टेकत असतील तर मधला भाग वर दाबतो आणि मुंग्या येतात, हेच अरुंद सीटचे लक्षण होय.

एकच सायकल वडील आणि मुलगा मिळून वापरतात अशी घरे आपल्याकडे बरीच आहेत. उंची बदलता येते, रुंदी बदलता येत नाही. अशा घरात दोन सीटपोस्टवर दोन सीटा कायमच्या बसवून ठेवणे आणि फक्त पोस्ट बदलणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

नवी सीट पारखताना

मऊपणाविषयी पहिल्यांदा. दुकानात अंगठ्याने दाबून "किती छान मऊ आहे" असे म्हणून घेतलेली सीट बहुधा चुकीची ठरते. फोम फार मऊ असला की हाडे त्यात रुततात आणि दोन हाडांमधला फोम वर येऊन जिथे नसा आणि रक्तवाहिन्या आहेत त्या नाजूक भागावर दाबतो. पहिल्या पंधरा मिनिटांत ही सीट सर्वांत सुखद वाटते आणि दीड तासाने सर्वांत वाईट. अंगठ्याने जोर लावल्यावर फोम थोडा दबावा, पण खालचा कडक पाया हाताला लागता कामा नये आणि बोट काढताच फोम पूर्ववत व्हावा. तुमचे वजन जास्त असेल तर फोम अधिक घट्ट हवा. सलग बसून चालवायचे असल्यामुळे ई-बाइकच्या सीटला स्पर्धेच्या सीटपेक्षा किंचित जाड फोम चालतो, पण सोफ्यासारखी गादी नको.

मधल्या भागात खाच किंवा आरपार पोकळी असलेली सीट ई-बाइकसाठी मी नेहमीच सुचवतो, कारण दाब सातत्याने एका जागी राहतो. स्त्रियांना पुढच्या बाजूला दाब जाणवतो, त्यामुळे पोकळी टोकाच्या दिशेने पुरेशी लांब आहे का ते पाहावे. पोकळीची धार कडक असेल तर ती स्वतःच रुतते. म्हणून बोट फिरवून धार मऊ उतरती आहे याची खात्री करावी. पावसाळ्यात आरपार पोकळीतून मागच्या चाकाचा चिखल वर उडतो, तेव्हा जांबोटी-कणकुंबीकडे पावसात जाणाऱ्यांनी खाच असलेली, पण खालून बंद अशी सीट घेतली तर बरे.

मागची बाजू किंचित उचललेली असणे हे ई-माउंटन बाइकच्या सीटचे खास वैशिष्ट्य. एर्गॉन आणि एसक्यूलॅब या जर्मन कंपन्यांनी ई-माउंटन बाइकसाठी खास बनवलेल्या सीटांमध्ये हा उंचवटा ठळकपणे दिसतो. चढावर मोटर लोटत असताना हा उंचवटा कमरेला मागून आधार देतो आणि हँडल ओढून धरावे लागत नाही. महाग सीट घ्यायची नसेल, तर साध्या सीटमध्येही बाजूने पाहिल्यावर मागचा भाग थोडा वर वळलेला आहे का, एवढे तरी पाहावे. फार खोल, झोळीसारखा आकार मात्र टाळावा. त्यात माणूस एकाच जागी अडकतो आणि अधूनमधून बसण्याची जागा बदलता येत नाही.

टोकाची लांबी हा आवडीचा प्रश्न आहे. नेहमीची सीट साधारण २७ ते २८ सेंटिमीटर लांब असते, आखूड टोकाच्या सीटा २४ ते २५ सेंटिमीटरच्या येतात. पुढे वाकून चढणाऱ्यांना आखूड टोक सोयीचे पडते. टोक गोलसर आणि खाली वळलेले असावे, म्हणजे उतारावर उभे राहून पुन्हा बसताना सैल चड्डी त्यात अडकत नाही. अशा अडकण्याने पडलेले लोक मी पाहिले आहेत.

सळ्यांकडे फारसे कुणी पाहत नाही, पण पाहावे. गोल सळ्या ७ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि बहुतेक क्लॅम्पमध्ये बसतात. कार्बनच्या सळ्या लंबगोल, ७ बाय ९ मिलिमीटरच्या असतात आणि त्यांना वेगळा क्लॅम्प लागतो. आपल्या लाल मातीच्या, जांभ्याचे दगड वर आलेल्या वाटांसाठी पोलादी मिश्रधातूच्या सळ्या पुरेशा आणि भरवशाच्या आहेत. ई-बाइकच्या एकूण वजनात सीटचे शंभर ग्रॅम वाचवण्याला काहीही अर्थ नाही.

मागे सस्पेन्शन आणि ड्रॉपर पोस्ट असेल, तर विकत घेण्यापूर्वी आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. मागच्या शॉकमधील हवा सोडावी, ड्रॉपर पूर्ण खाली करावा आणि सायकल दाबून सीटचा मागचा भाग टायरला लागतो का ते पाहावे. २९ इंची चाकांच्या सायकलीत रुंद, मागे झुकलेली सीट खरोखर टायरला घासते, आणि उतारावर हे घडले तर माणूस सीटसकट मागे ओढला जातो. नंतर शॉकमध्ये आधी नोंदवून ठेवलेल्या दाबाइतकी हवा पुन्हा भरावी. मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीसाठी दबणारी सीटपोस्ट हा चांगला पूरक उपाय आहे, पण ती वजनाने खाली बसते, म्हणून सीटची उंची बसल्यानंतर पुन्हा मोजावी.

परीक्षा कशी घ्यावी

दुकानासमोर खडेबाजारात दोन चकरा मारून सीट कळत नाही. परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुभा आधीच विचारून घ्यावी, सीटला खालून प्लास्टिक गुंडाळावे आणि मग ठरावीक मार्गावर जावे. माझा मार्ग टिळकवाडीतून निघून वडगाव, येळ्ळूर आणि राजहंसगड असा आहे, कारण त्यात सपाट रस्ता, गावातील गतिरोधक आणि शेवटी खडा चढ हे सगळे एकाच फेरीत मिळते. निपाणीकडच्या लोकांना तवंदी घाटाच्या आसपासचे आतले रस्ते, खानापूरकरांना नंदगडची बाजू सोयीची पडेल. मोटरची मदत नेहमीच्याच पातळीवर ठेवावी, कपडे तेच असावेत आणि एका फेरीत एकच गोष्ट बदलावी.

नव्या सीटवर पहिल्या तीन-चार फेऱ्यांत हाडांच्या जागी थोडे ठणकणे स्वाभाविक आहे. भार योग्य जागी येत असल्याची ती खूण असते आणि आठवड्याभरात ते कमी होते. मधल्या भागात बधिरपणा किंवा मुंग्या येणे मात्र स्वाभाविक नाही. ते सहन करत "सवय होईल" असे म्हणू नये: आधी टोक एक अंश खाली घ्यावे, मग उंची पाच मिलिमीटर कमी करावी, आणि तरीही बधिरपणा आला तर ती सीट आपली नाही असे समजून परत करावी. एकाच बाजूला दुखत असेल तर सीट वाकडी बसली आहे का ते आधी पाहावे. सायकलवरून उतरल्यानंतरही बधिरपणा टिकून राहिला, लघवीला त्रास झाला किंवा जखम बरी होईना, तर सायकल थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी प्रत्येक लांब फेरीनंतर कातडी तपासावी, कारण त्यांना घासल्याचे वेळेवर जाणवतेच असे नाही.

सीट कितीही चांगली असली, तरी दर दहा मिनिटांनी पेडल आडवे करून पाच-सात सेकंद उभे राहण्याची सवय लावून घ्यावी. खड्डा किंवा गतिरोधक दिसताच उठावे. साध्या सायकलवर हे चढच करून घेत असे. ई-बाइकवर ते आठवणीने करावे लागते.

कपडे आणि पाऊस

पॅड असलेली सायकलिंगची चड्डी अंतर्वस्त्राशिवाय घालावी, कारण अंतर्वस्त्राची शिवणच सर्वांत आधी कातडी सोलते. ती घातली की जेलच्या कव्हरची गरज उरत नाही. फेरी संपल्यावर ती लगेच बदलावी, विशेषतः एप्रिल-मेच्या घामात.

पश्चिमेकडे खानापूर तालुक्यात जूनपासून जो पाऊस लागतो त्यात चामड्याची सीट टिकवणे कठीण आहे. इंग्लंडच्या ब्रुक्स कंपनीच्या चामडी सीटा हळूहळू शरीराचा आकार घेतात आणि कोरड्या हवेत त्या उत्तमच, पण इथे त्या भिजून झोळ धरतात आणि कोपऱ्यात ठेवल्या तर बुरशी येते. शिवण कमी असलेले, पाणी न शोषणारे आवरण निवडावे. पावसातून आल्यावर सळ्या आणि क्लॅम्पमधील लाल चिखल ओल्या फडक्याने पुसून थोडे ग्रीस लावावे, नाहीतर काही दिवसांतच दर पेडलला कुरकुर ऐकू येते.

सीट मनासारखी बसली की पोस्टवर रंगीत चिकटपट्टीने उंचीची खूण करावी आणि कल, पुढे-मागे सरकवल्याचे अंतर व मधल्या आसापासूनची उंची वहीत लिहून ठेवावी. सर्व्हिसिंगसाठी सायकल टाकली की सीट काढली जाते आणि अंदाजाने परत बसवली जाते. तेव्हा ही तीन मापे जवळ असली तर घरी आल्यावर पाच मिनिटांत सगळे पूर्ववत करता येते. एक-दोन वर्षांनी फोम बसतो आणि आधी नसलेला त्रास हळूहळू सुरू होतो; त्या वेळी मापे तीच आहेत याची खात्री करून तीच सीट, त्याच रुंदीची, नवी आणावी.